तळटीप आणि एहिपस्सिको : आपल्या धम्मविषयक लेखनातील संदर्भशिस्तीची समीक्षा

मराठीतील आंबेडकरी बौद्ध लेखन प्रामुख्याने विद्यापीठांच्या बाहेर घडले, हे त्याचे वैशिष्ट्य होय. शाळेतील शिक्षक, टपाल व तहसील कचेरीतील कर्मचारी, रेल्वेतील कामगार, विहारात नित्यनेमाने येणारे उपासक-उपासिका यांनी लेखणी हाती घेतली आणि धम्माचा अर्थ आपल्या भाषेत मांडला. या लेखनातील तळमळ, त्याची वैचारिक धार आणि त्याचे सामाजिक मोल यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु या लेखनाची एक बाजू अशी आहे की जिच्याकडे आपण पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही. ती बाजू म्हणजे संदर्भ देण्याची शिस्त. प्रस्तुत लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

नवीन जालन्यासारख्या गावातील एखाद्या अभ्यासू उपासकाने धम्मविषयक नियतकालिकाकडे पाठविलेला लेख डोळ्यांपुढे आणावा. विषय कम्म-सिद्धान्ताचा आहे, युक्तिवाद नेटका आहे, भाषा स्वच्छ आहे. लेखाच्या शेवटी संदर्भ म्हणून तीन नोंदी आहेत : ‘त्रिपिटक’, ‘बाबासाहेबांचे समग्र वाङ्मय’ आणि ‘मज्झिम निकाय, पृ. ११२’. यांपैकी पहिली नोंद वाचकाला संपूर्ण ग्रंथालयाकडे बोट दाखवते. दुसरी वीसहून अधिक जाडजूड ग्रंथांकडे दाखवते. तिसरी वरवर निर्दोष दिसते. पण कोणत्या आवृत्तीचे, कोणत्या भाषेतील, कोणत्या भागाचे पान हे न सांगितल्यामुळे तीही वाचकाला कोठेच पोहोचवीत नाही. किंबहुना ती अधिक घातक होय. कारण पहिल्या दोन नोंदी आपले अपुरेपण लपवीत नाहीत, तिसरी मात्र अचूकतेचा आव आणते.

जालना हे बियाण्यांच्या उद्योगाचे गाव असल्यामुळे तेथील वाचकाला हा मुद्दा सहज पटावा. मोंढ्यात बियाण्याची पिशवी घेताना शेतकरी तिच्यावरील लेबल वाचतो : वाण कोणते, लॉट नंबर काय, उगवणशक्ती किती टक्के, चाचणी कोणत्या तारखेची. १९६६ च्या बियाणे कायद्याने अधिसूचित वाणांच्या पिशवीवर असा मजकूर आवश्यक केला, तो पिशवी शोभिवंत दिसावी म्हणून नव्हे. बी उगवले नाही तर ते कोठून आले हे शोधता यावे, यासाठी तो मजकूर असतो. लेखातील संदर्भाचे कार्य नेमके हेच आहे. विचाराचे बी आपण दुसऱ्याच्या शेतात पेरतो. ते कोठून आणले हे सांगण्याची जबाबदारी पेरणाऱ्यावर असते.

संगीतीची रीत

संदर्भ देणे ही पाश्चात्त्य विद्यापीठांची रीत आहे, धम्माच्या साध्या उपासकाला तिचे काय प्रयोजन, असा आक्षेप आपल्याकडे घेतला जातो. हा आक्षेप बौद्ध परंपरेच्या अज्ञानातून येतो. विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या अकराव्या खंधकात राजगृहाच्या पहिल्या संगीतीचा वृत्तान्त आहे. तेथे महाकस्सप स्थविर उपालीला विचारतात की पहिल्या पाराजिकाचा नियम कोठे घातला गेला, कोणाच्या निमित्ताने आणि कोणत्या प्रकरणात. उपाली उत्तर देतात : वैशाली येथे, सुदिन्न कलंदपुत्ताच्या निमित्ताने, अमुक प्रकरणात. पुढे आनंदांना ब्रह्मजाल सुत्ताविषयी असेच प्रश्न केले जातात. उत्तरात राजगृह व नालंदा यांच्यामधील अंबलट्ठिकेचे राजगृह-विश्रामस्थान येते आणि सुप्पिय परिव्राजक व ब्रह्मदत्त माणवक ही दोन नावेही येतात. स्थळ, व्यक्ती, प्रसंग ही त्रयी सांगितल्यावाचून वचन स्वीकारले जात नाही. सुत्तांच्या आरंभी श्रवणाची ग्वाही देऊन लगेच स्थळाचा व श्रोत्यांचा उल्लेख येतो, तोही याच रीतीचा भाग होय.

याच खंधकात पुराण नावाच्या भिक्खूची नोंद आहे, तिचे महत्त्व विशेष आहे. तो दक्षिणगिरीहून आला तेव्हा संगीती पार पडली होती. स्थविरांनी संगायन स्वीकारण्यास सांगितल्यावर त्याने त्यांच्या कार्याची प्रशंसा केली, परंतु आपण भगवंतांच्या मुखातून जसे ऐकले तसेच धारण करू असे उत्तर दिले. संगीतीचा वृत्तान्त जतन करणाऱ्यांनी हे मतभेदाचे वाक्य गाळले नाही. आपल्या पक्षाला गैरसोयीची नोंदही जपणे ही प्रामाणिक संदर्भकाराची पहिली कसोटी आहे, आणि आपल्या परंपरेच्या पहिल्याच सभेने ती उत्तीर्ण केली आहे.

चार महापदेश आणि केसमुत्ति सुत्त

महापरिनिब्बान सुत्तात (दीघ निकाय १६) भगवान बुद्धांनी भोगनगर येथे चार महापदेश सांगितले. कोणी म्हणेल की हे मी साक्षात भगवंतांकडून ऐकले; कोणी म्हणेल की अमुक आवासातील संघाकडून ऐकले; कोणी म्हणेल की अनेक बहुश्रुत स्थविरांकडून ऐकले; कोणी म्हणेल की एका बहुश्रुत स्थविराकडून ऐकले. चारही प्रसंगी उपदेश एकच आहे : त्याचे अभिनंदन करू नका, त्याचा धिक्कारही करू नका, ते शब्द नीट समजून घेऊन सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहा. साक्षात तथागतांच्या मुखातून ऐकल्याचा दावासुद्धा येथे पडताळणीतून सुटलेला नाही, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

येथे भोकरदनचा उल्लेख उपयुक्त ठरेल. जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली तेथे उत्खनन झाले व शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. सांचीच्या स्तूपावरील ब्राह्मी दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. आपल्या जिल्ह्यातील उपासक दोन हजार वर्षांपूर्वी सांचीला दान देत होते, ही अभिमानाची गोष्ट निःसंशय आहे. परंतु या अभिमानाच्या भरात नामसादृश्यावरून महापदेशांचे भोगनगर ते आपलेच भोगवर्धन, असे लिहिणे मात्र चुकीचे ठरेल. सुत्तातील भोगनगर वैशालीहून पावा व कुसिनारेकडे जाणाऱ्या मार्गावरचे आहे. भोगवर्धनाचा अभिमान सांचीच्या शिलालेखावर उभा राहू शकतो. त्याला उसन्या सुत्ताची गरज नाही.

महापदेशांच्या जोडीला केसमुत्ति सुत्त, म्हणजे कालामांना केलेला उपदेश, ठेवला पाहिजे. तेथे सत्य स्वीकारण्याचे जे दहा अपुरे आधार सांगितले आहेत, त्यांत पिटकात आहे म्हणून आणि हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणून, हे दोन्ही आहेत. मग संदर्भ देण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उत्तर धम्मगुणांच्या वर्णनातील ‘एहिपस्सिको’ या एका शब्दात आहे. ये आणि पाहा, असे आमंत्रण देणारा धम्म आपले दार बंद ठेवू शकत नाही. तळटीप हे ते उघडे दार आहे. अमुक ग्रंथात आहे म्हणून माना, असे सांगण्यासाठी संदर्भ दिला तर तो पिटकसंपदानाच्या दोषात पडतो. अमुक ठिकाणी आहे, जाऊन पाहा, आणि माझा अर्थ चुकला असेल तर दाखवा, अशा वृत्तीने दिला तर तो एहिपस्सिको होतो.

बाबासाहेबांचा ग्रंथ आणि त्याचे टीकाकार

या चर्चेत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाचा प्रश्न टाळता येणार नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाने तो प्रसिद्ध केला. त्यात तळटिपा नव्हत्या. ज्यांनी १९४६ साली ‘हू वेअर द शूद्राज?’ हा ग्रंथ पानोपानी आधार देत लिहिला, त्यांना संदर्भशास्त्र अवगत नव्हते असे कोणीही म्हणू शकणार नाही. ग्रंथातील सामग्री अनेक पुस्तकांतून जमविली आहे, अश्वघोषाच्या काव्याचा ऋणनिर्देश केला पाहिजे आणि आपले स्वतःचे असेल तर ते केवळ मांडणीच्या क्रमात आहे, असे त्यांनी स्वतःच नमूद केले. अखेरच्या वर्षांतील आजारपण आणि वेळेशी चाललेली शर्यत ध्यानात घेता, ग्रंथाची अंतिम सिद्धता त्यांच्या हातून होऊ शकली नाही हे उघड आहे.

या उणिवेचा लाभ टीकाकारांनी घेतला. १९५९ साली ‘द महाबोधि’ मासिकातील परीक्षणात ग्रंथ धोकादायक ठरविला गेला आणि त्याच्या नावात बुद्धांऐवजी आंबेडकरांचे नाव असावे, अशी सूचना करण्यापर्यंत मजल गेली. या टीकेला आपल्याकडून दोन प्रकारची उत्तरे मिळाली. एक उत्तर संतापाचे होते. दुसरे उत्तर भदन्त आनंद कौसल्यायन यांनी दिले. ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना त्यांनी बाबासाहेबांनी वापरलेल्या वचनांचे मूळ स्थान पालि वाङ्मयात शोधून काढले. पुढे १९९२ साली महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली चाललेल्या मालेत हा ग्रंथ अकरावा खंड म्हणून प्रसिद्ध केला आणि १९९५ साली त्याची पालि व अन्य मूलस्थाने दर्शविणारी पुरवणी काढली. २०११ साली आकाश सिंह राठोड व अजय वर्मा यांची टीपांसह संपादित आवृत्ती ऑक्सफर्डने प्रकाशित केली. संतापाच्या उत्तरांतील किती आज वाचली जातात? कौसल्यायनांचे उत्तर मात्र प्रत्येक नव्या संशोधकाच्या टेबलावर आहे.

१९९५ च्या पुरवणीचे मोल मान्य करूनही तिच्याविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. ती मूळ ग्रंथापासून अलग छापली गेली. त्यामुळे ज्या घराघरांत व विहाराविहारांत ग्रंथ पोहोचला, तेथे पुरवणी पोहोचली नाही. तैपेईच्या बुद्ध एज्युकेशनल फाउंडेशनने विनामूल्य वाटपासाठी छापलेल्या प्रती असोत की दीक्षाभूमीवर विकल्या जाणाऱ्या लोकआवृत्त्या असोत, सामान्य वाचकाच्या हाती संदर्भावाचून ग्रंथ येतो. पन्नास-साठ वर्षे विद्वानांनी केलेले श्रम ज्याच्यासाठी केले, त्याच्यापर्यंतच ते पोहोचू नयेत, हे आपल्या प्रकाशनव्यवहाराचे अपयश आहे.

रोहिणीचा वाद : एका संदर्भाचे सामर्थ्य

संदर्भामुळे श्रद्धेला धक्का बसेल, अशी भीती काही जणांना वाटते. गृहत्यागाच्या प्रकरणावरून ही भीती तपासून पाहू. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर वार्धक्य, रोग व मृत्यू पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध हे गृहत्यागाचे कारण मांडले.

आता मूलस्थाने पाहावीत. चार दृश्यांची कथा दीघ निकायात येते, परंतु ती महापदान सुत्तात (दीघ निकाय १४), विपस्सी बुद्धांच्या चरित्रात. गौतम बुद्धांच्या चरित्राला ती निदानकथा, बुद्धचरित व ललितविस्तर अशा नंतरच्या ग्रंथांत जोडलेली दिसते. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातील सुखुमाल सुत्तात गौतम आपल्या तारुण्यातील जरा, व्याधी व मरण यांवरील चिंतनाविषयी बोलतात. तेथे रथ नाही, सारथी नाही. सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गातील अत्तदंड सुत्तात शस्त्रधारणातून उत्पन्न होणारे भय व अल्प पाण्यातील माशांसारखी तडफडणारी माणसे यांचे चित्र आहे, आणि धर्मानंद कोसंबी यांनी गृहत्यागाचा विचार करताना बाबासाहेबांपूर्वीच या सुत्ताकडे लक्ष वेधले होते. एवढे संदर्भ हाती असले की बाबासाहेबांचा नकार हा मनाचा खेळ होता, असे म्हणण्याची सोय टीकाकाराला उरत नाही.

पण प्रामाणिक टीप एवढ्यावर थांबत नाही. रोहिणीच्या पाण्याचा वाद धम्मपद-अट्ठकथेत व कुणाल जातकाच्या प्रस्तावनेत येतो, तो बुद्धत्वप्राप्तीनंतरचा प्रसंग म्हणून. तेथे भगवान बुद्ध मध्यस्थी करून युद्ध टाळतात. गृहत्यागाचे कारण म्हणून त्याची मांडणी ही बाबासाहेबांची व्याख्या आहे. हे स्पष्टपणे लिहिल्याने काय बिघडते? काहीच नाही. उलट त्यांनी काय घेतले, काय बदलले आणि का बदलले, हे तीनही प्रश्न वेगळे होऊन त्यांच्या विचाराचे मौलिकत्व उजळते. सर्व काही त्रिपिटकात शब्दशः आहे असा हट्ट धरणारा अनुयायी आणि तळटीप नाही म्हणून सर्व कल्पित आहे असे म्हणणारा टीकाकार, दोघेही एकाच दोषाचे धनी आहेत : दोघांनीही मूळ ग्रंथ उघडलेला नाही.

स्वतः बाबासाहेबांनी या दक्षतेचा धडा ग्रंथातच दिला आहे. चौथ्या खंडाच्या दुसऱ्या भागातील पाचव्या प्रकरणात बुद्धांच्या शिकवणीचे विपरीत निवेदन झाल्याची उदाहरणे म्हणून ते पाच सुत्ते नावानिशी सांगतात : अलगद्दूपम, महाकम्मविभंग, कण्णकत्थल, महातण्हासंखय आणि जीवक. ही पाचही मज्झिम निकायात अनुक्रमे २२, १३६, ९०, ३८ व ५५ या क्रमांकांवर सापडतात. बुद्धांच्या हयातीतच त्यांच्या तोंडी भलती वाक्ये घातली जात होती, याचा हा पुरावा आहे. मग बाबासाहेबांच्या पश्चात त्यांच्या तोंडी काय काय घातले जाईल, याची जाण आपण ठेवावयास नको काय?

बाबासाहेबांची वचने

जयंतीच्या फलकांपासून प्रबंधांपर्यंत बाबासाहेबांच्या नावाने छापल्या जाणाऱ्या वचनांची स्थिती चिंताजनक आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेतील इंग्रजी भाषणात त्यांनी शेवटचा सल्ला दिला तो शिक्षण, चळवळ आणि संघटन या क्रमाने. आपल्या प्रचलित मराठी घोषणेत संघटन मध्ये आले आणि संघर्ष शेवटी गेला. क्रम बदलला की अर्थाचा रोख बदलतो. आधी जागृतीची खळबळ आणि तिच्यातून संघटना, की आधी संघटना आणि मग संघर्ष, हा चळवळीच्या दृष्टीने किरकोळ प्रश्न नाही. घोषणा म्हणून लोकांनी स्वीकारलेले रूप खुशाल राहावे. लेखात मात्र मूळ क्रम, स्थळ व साल आले पाहिजे.

शिक्षणाला वाघिणीचे दूध म्हणणारे वचनही असेच सर्वत्र त्यांच्या नावाखाली दिसते. मराठीत वाघिणीच्या दुधाची उपमा इंग्रजी विद्येच्या संदर्भात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाशी निगडित आहे. बाबासाहेबांच्या नावाने हे वचन छापणाऱ्याने भाषणाची तारीख अथवा नियतकालिकाचा अंक द्यावा. तो देता येत नसेल तर त्यांचे नाव त्याखाली घालू नये. न दिलेले घेणे व असत्य बोलणे यांपासून विरत राहण्याचे शील आपण दर पौर्णिमेला ग्रहण करतो. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून लिहिणे आणि आपले वाक्य बाबासाहेबांचे म्हणून लिहिणे, या दोन्ही कृती त्या शीलांच्या कक्षेत येतात.

भाषणांच्या बाबतीत दोन तारखा लागतात. धम्मदीक्षेनंतरचे नागपूरचे भाषण १५ ऑक्टोबर १९५६ रोजी झाले. ‘प्रबुद्ध भारत’ने ते २७ ऑक्टोबर १९५६ च्या अंकात छापले. दोन्ही तारखा दिल्या म्हणजे वाचक अंकापर्यंत पोहोचतो. शासनाच्या खंडांतून घेतले असल्यास मूळ लेखनाचे नाव, साल व प्रकरण आधी आणि खंड व पान नंतर द्यावे. खैरमोडे अथवा कीर यांच्या चरित्रातून घेतले असल्यास तसे मोकळेपणाने सांगावे. मराठी अनुवाद वाचून इंग्रजी आवृत्तीचे पान लिहिणे यात विद्वत्ता नाही.

पान, क्रमांक आणि नाव

पालि वचनांच्या बाबतीत केवळ पानाचा आकडा निरुपयोगी ठरतो. १८८१ साली स्थापन झालेल्या पालि टेक्स्ट सोसायटीची रोमन आवृत्ती, भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदेहून निघालेली ४१ खंडांची देवनागरी आवृत्ती आणि इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाची देवनागरी आवृत्ती या तिन्हींची पाने वेगळी आहेत. म्हणून निकाय, सुत्ताचा क्रमांक आणि सुत्ताचे नाव या तिन्ही गोष्टी द्याव्यात. क्रमांकही दगा देतो. केसमुत्ति सुत्त अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात कोणी ६५ वे मोजतो, कोणी ६६ वे. नाव दिले की घोटाळा मिटतो. नावही पालिरूपात द्यावे. ‘महापरिनिर्वाण सूत्र’ असे संस्कृतरूप लिहिले की त्या नावाचा महायान ग्रंथ डोळ्यांपुढे येतो, आणि तो दीघ निकायातील सुत्ताहून सर्वस्वी वेगळा आहे. जन्माने कोणी वसल होत नाही हा विचार सुत्तनिपाताच्या वसल सुत्तातील आहे. जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही असे सांगणाऱ्या गाथा धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गात आहेत. दोन्हींखाली नुसते ‘बुद्धवचन’ लिहून भागत नाही. बाबासाहेबांच्या ग्रंथासाठी तर पानाची गरजच नाही. खंड, भाग, प्रकरण आणि परिच्छेद-क्रमांक अशी रचना त्यांनी करून ठेवली आहे, ती कोणत्याही भाषेतील आवृत्तीत उपयोगी पडते.

विद्यापीठीय नियतकालिकांनी आता ठरावीक नमुने सक्तीचे केले आहेत. आडनाव आधी, मग नावाचे आद्याक्षर, मग साल. हा नमुना आपण डोळे मिटून घ्यावा काय? भिक्खूंना आडनाव नसते. बुद्धघोषांचे आद्याक्षर कोणते काढणार? भदन्त आनंद कौसल्यायन यांची नोंद ‘आनंद कौसल्यायन, भदन्त’ अशीच योग्य. इंग्रजी आद्याक्षरांच्या हव्यासापायी धर्मानंद आणि दामोदर हे पितापुत्र दोघेही ‘डी. कोसंबी’ होऊन एकमेकांत मिसळतात. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात चळवळीतील स्त्रियांना नावानिशी उभे केले. त्यांचीच नोंद ‘पवार उ., मून मी.’ अशी केली तर लेखिकांचे स्त्रीत्व त्या नोंदीतून पुसले जाते. शिवाय महाराष्ट्रात आडनाव हे नुसते आडनाव राहत नाही. जात विचारणाऱ्याला ते न विचारताच उत्तर देते. म्हणून आपल्या नियतकालिकांनी संपूर्ण नाव देण्याची पद्धत ठेवावी. नमुना एकसारखा असावा हे खरे, पण तो माणसाला लपविणारा नसावा.

गाव, जिल्हा आणि साल

मौखिक साक्षींचा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेला अथवा १९७८ नंतरच्या नामांतर आंदोलनाला साक्षी असलेल्या वृद्धांच्या आठवणी अनेक लेखांत येतात, त्या ‘जुने कार्यकर्ते सांगतात’ एवढ्या आधारावर. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने, मुलाखतीचे गाव व दिनांक, आणि घटनेच्या वेळी त्याचे वय, एवढे चार तपशील दिले की आठवण पुरावा होते.

गावाच्या नोंदीतही काळाचे भान हवे. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना व दुसऱ्या तीरावर नवीन जालना. जुन्या कागदपत्रांत या पलीकडच्या वस्तीचा उल्लेख कादराबाद या नावाने येतो. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना शहरातील त्यापूर्वीच्या घटनेसाठी औरंगाबाद जिल्हा लिहिला पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तर जालना हैदराबाद राज्यात आणि नागपूर मध्य प्रदेशात होते. राज्यपुनर्रचना अमलात आली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्या दिवशी जालन्याहून दीक्षाभूमीकडे निघालेला माणूस महाराष्ट्राच्या एका भागातून दुसऱ्या भागात जात नव्हता, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता. त्याचप्रमाणे औरंगाबादचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले असले, तरी तेथे पूर्वी छापलेल्या पुस्तकाचे प्रकाशनस्थळ मुखपृष्ठामागील पानावर जसे असेल तसेच लिहावे. पुस्तक शोधणाऱ्याला ते त्याच नावाने सापडणार आहे.

विहारातील काम

या सर्वांसाठी मोठ्या ग्रंथालयाची गरज आहे आणि ते आमच्या गावी नाही, ही अडचण खरी आहे. बाबासाहेबांनी १९५० साली स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे ग्रंथालय जालन्यापासून साठेक किलोमीटरवर आहे. कामकरी माणसाला तेथे रोज जाणे शक्य नाही. परंतु प्रत्येक विहारात एक फळी पुरेशी आहे. तिच्यावर ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’, १९९५ ची पुरवणी, धम्मपद, सुत्तनिपात व मज्झिम निकाय यांचे अनुवाद आणि धर्मानंद कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’ एवढी पुस्तके असावीत.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांतून बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन होते. या वाचनाला एक छोटी जोड द्यावी. आठवड्यातून एका प्रकरणाचे मूलस्थान पुरवणीत पाहावे, मूळ सुत्ताचा अनुवाद वाचावा, बाबासाहेबांनी काय ठेवले व काय बदलले याची नोंद वहीत करावी आणि वहीच्या त्या पानावर आवृत्तीचे नाव, साल व अनुवादकाचे नाव लिहावे. तीन महिन्यांत बारा-तेरा प्रकरणे होतील. अशा दहा विहारांच्या वह्या एकत्र आल्या तर संदर्भांसह लोकआवृत्ती काढण्याचे अर्धे काम झालेले असेल, आणि ते काम ज्या वाचकासाठी आहे त्याच्याच हातून झालेले असेल.